माग चालू असताना

दिपालीनं ओढलेली तार दगा देत नाही, हे बेळगावात सगळ्यांत जास्त वेळा कोण सांगत असेल, तर ती स्वतः दिपाली. कुणी विचारायचीही गरज नसायची. चहाचा कप हातात आला की ती सुरू. कॅम्पातल्या वकिलांची ऑफिसं, खानापूर रस्त्यावरचा एक दवाखाना, काकतीतली वर्कशॉपं, झालंच तर निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या पेढ्या, या सगळ्या ठिकाणी भिंतीतून, छतातून फिरणारं नेटवर्क तिच्या हातचं होतं आणि ते बिनतक्रार चालत होतं. बाईमाणसानं एवढा तोरा मिरवावा का, असा प्रश्न काही जणांना पडायचा. पण त्यांच्याच दुकानातलं इंटरनेट अडलं की पहिला फोन तिलाच जायचा, त्यामुळं तोऱ्याचा विषय तिथंच संपायचा.

खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली ही मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर तिच्या वडिलांना, जोतिबांना, वाटलेलं की पोरगी आता एखाद्या कंपनीत खुर्चीवर बसेल. पोरगी शिडीवर चढली. गावात कुणी चौकशी केली तर सुरुवातीला जोतिबा ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगून पाऊसपाण्याकडं वळायचे. आता ते पोरीच्या व्हॅनवर रंगवलेलं नाव दाखवायला पाहुण्यांना रस्त्यापर्यंत घेऊन जातात. व्हॅनमध्ये तिच्या शेजारी बसतो तो रवळूमामा, तिच्या आईचा चुलतभाऊ. मामा जन्माचा वायरमन. विजेचं काम त्याचं, नेटवर्कचं काम तिचं आणि वाद दोघांचा सामायिक.

त्या बुधवारी सकाळी दोघं निपाणीत होते. तंबाखूच्या एका पेढीत वखारीपासून ऑफिसपर्यंत कॅमेऱ्यांच्या केबली टाकायच्या होत्या. तंबाखूच्या धुरळ्यानं मामा शिंकून शिंकून बेजार झाला होता आणि शिडीवरून दिपाली त्याला नाकाला रुमाल बांधायचं शहाणपण शिकवत होती. तेवढ्यात फोन वाजला. वडगावची अबोली होती. कालच तिच्या घरी नवी लाईन टाकून झाली होती.

“आक्का, लाईन तुटायला लागलीय.”

“तुटणार न्हाय,” दिपाली म्हणाली. “काल तुझ्यासमोर मीटर लावून दाखवलाय की.”

“सकाळपासून धड दोन मिनिटं टिकली न्हाय. चित्र थांबतंय, आवाज जातोय, परत येतोय.”

“कुणीतरी केबलीवर पाय दिला असंल.”

“केबल भिंतीवर हाय आक्का. भिंतीवर पाय कोण देणार?”

खाली शिडी धरून उभा असलेला मामा फसकन हसला, आणि मग शिंकला. दिपालीनं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

“जरा मोठ्यानं बोल गं. तुझ्याकडं तो खडखडाट कसला चाललाय?”

“माग चालू झालेत न्हवं आज.”

“मग काल का न्हवते?”

“काल अमुशा होती की. अमुशेला आमच्यात माग लावत न्हाईत.”

दिपाली शिडीवरच बसली. काल वडगावच्या त्या घरात पाऊल टाकल्याटाकल्या आपण काय म्हणालो होतो, ते तिला लख्ख आठवलं. ‘किती शांत घर हाय वो मावशी तुमचं!’ अबोलीच्या सासूबाई, शालूबाई, त्यावर नुसत्या हसल्या होत्या. खालच्या लांबलचक खोलीत तीन यंत्रमाग उभे होते, धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. मागांच्या मेनस्विचवर जास्वंदीचं फूल होतं आणि स्विच खाली पाडलेला होता. वडगावचे विणकर अमावास्येला मागाला विश्रांती देतात. सूत, माग, मोटार, कशालाच त्या दिवशी हात लावत नाहीत. मामानं भिंतीवरून आपला टेस्टर फिरवला होता. भिंतीत वीज असती तर तो पिपाणीसारखा वाजला असता. तो गप्प राहिला. मग त्या नव्या रंगवलेल्या, सरळसोट भिंतीवरून दिपालीनं झकास प्लास्टिकची पट्टी मारली, तिच्यातून केबल वर माडीवर नेली, मीटर लावला, मीटरनं सगळं उत्तम म्हटलं आणि स्वारी स्वतःवर खूश होऊन घरी गेली. महिन्यातून एकदाच जे घर गप्प बसतं, नेमकं त्याच दिवशी तिनं ते तपासलं होतं.

“मामा, त्या भिंतीत आत काय असंल?”

मामानं नाक पुसलं. “मोटारीच्या वायरी. आन् काय? पोराच्या लग्नाला भिंत गुळगुळीत केली म्हणत होत्या. वायरी गिलाव्याच्या आत दाबल्या असणार. आन् काल स्विचच खाली. माझा टेस्टर काय अंतर्ज्ञानी हाय?”

तिची पातळ तांब्याची केबल तीन मोटारींच्या जाड वायरींना अंगभर चिकटून वर गेली होती. मोटारी सुरू झाल्या की त्यांची सगळी खळबळ शेजारच्या केबलीत उतरणार आणि तिच्यातून जाणाऱ्या डेटाचा चुराडा होणार. हे दिपालीला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. नव्या पोरांना ती स्वतः हेच शिकवायची. आणि आता तिला स्वतःचा असा राग आला की हातातली पकड तिनं पिशवीत जवळजवळ फेकलीच.

निपाणीच्या शेठजींना उद्याचा शब्द देऊन व्हॅन हायवेला लागली. वाटेत संकेश्वरला मामाला चहा हवा होता. तो मिळाला नाही. “आमची तार दगा देत न्हाय म्हणं,” असं मामा खिडकीबाहेर बघत एकदाच पुटपुटला आणि मग शहाणपणानं काकती येईपर्यंत गप्प बसला.

वडगावच्या गल्लीत शिरताना दिपालीनं पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. घराघरातून माग चालले होते. ओट्यांवर सुताच्या गाठोड्या पडल्या होत्या, सायकलींच्या कॅरिअरला बांधलेल्या साड्या दुकानांकडं निघाल्या होत्या आणि ज्याला त्याला शेजाऱ्याशी ओरडूनच बोलावं लागत होतं. त्या ओरडण्याची कुणाला जाणीवही नव्हती.

शालूबाईंच्या घरात शिरताच अबोली माडीच्या जिन्यावर बसलेली दिसली, लॅपटॉप मांडीवर बंद करून. टिळकवाडीतल्या शिक्षकाची ही मुलगी धवलशी लग्न करून या घरात आली त्याला सहा महिने होत होते. बेंगलूरच्या एका कंपनीत ती काम करायची. दूरदूरच्या ग्राहकांना व्हिडिओवर समोर बसवून त्यांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायच्या, असं तिचं काम. लग्नानंतर कंपनीनं सवलत म्हणून नुसतं ईमेलवरचं काम दिलं होतं, पण त्या सवलतीची मुदत संपत आली होती. घरून कायमचं काम करायचं असेल तर शुक्रवारी सकाळी तिचे साहेब स्वतः लाईन बघणार होते. लाईन टिकली तर वडगाव. तुटली तर एक तारखेपासून बेंगलूरच्या ऑफिसात हजर.

शालूबाईंनी मधला माग थांबवला, पदरानं हात पुसले आणि दिपालीला बाजूला घेतलं.

“तू आलीस ते बरं झालं. मी ठरवलंय. तिच्या कामाच्या वेळंला मी माग बंदच ठेवीन. रात्रीचं विणू.”

“आई, रात्री तुमचे डोळे चालत न्हाईत,” जिन्यावरून अबोली म्हणाली. “आणि मग दिवसाला एक साडी तरी उतरंल का? त्यापेक्षा मी बेंगलूरला जाते. दर पंधरवड्याला येईन.”

“आन् धवल?”

धवल सुताच्या गाठोडीपाशी उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि गाठोडीची गाठ सोडायला लागला. ती गाठ आधीच सुटलेली होती. हा तिच्यामागं जाणार, हे तिघांनाही कळत होतं. तो गेला की तीन माग एकट्या शालूबाईंच्यानं चालणार नाहीत, हेही कळत होतं. आणि तरीही सासू सुनेसाठी माग थांबवायला निघाली होती, सून सासूसाठी घर सोडायला निघाली होती. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलेलं आणि दोघी एकमेकींवर खेकसत होत्या.

दिपालीला हे बघवेना. “कुणी काय बंद करायचं न्हाय आन् कुणी कुठं जायचं न्हाय,” ती म्हणाली. “चूक माझी हाय. आपसात कशाला भांडताय? मावशी, तुम्ही बंद करून तरी काय होणार? पलीकडं मनुबाईंचे माग तुमच्याच भिंतीला लागून हाईत. गल्ली काय थांबणार हाय व्हय?”

“मग?”

“मग मी तांबंच काढून टाकते.”

तिनं शिडी लावली आणि काल कौतुकानं मारलेली केबल पट्टीतून सरळ ओढून खाली पाडली. मामा ती हळहळत गुंडाळायला लागला. चांगली नवी केबल होती.

खाली उतरून तिनं शालूबाईंना समजेल असं सांगितलं. आत्तापर्यंतच्या केबलीत तांबं होतं, त्यातून वीज जायची, म्हणून मोटारीची वीज तिच्यात घुसायची. आता काचेचा केसासारखा बारीक धागा टाकायचा. त्यातून वीज जातच नाही, नुसता उजेड जातो. त्याला फायबर म्हणतात. गल्लीपर्यंत येणारी कंपनीची लाईन तशीच असते, फक्त घरात आल्यावर लोक तांब्यावर उतरतात.

“उजेडाला मोटारीचं काय भ्या?” दिपाली म्हणाली. “शेजारी तीन सोडून तीस माग लावा.”

“काचेचा धागा?” शालूबाईंनी विचारलं. “तुटंल की.”

“वाकवला तर तुटंल. सरळ ठेवला तर तुमच्या-माझ्यापेक्षा टिकंल.”

शालूबाईंनी मान हलवली खरी, पण ती मान पटल्याची नव्हती. बाईंचा उभा जन्म धाग्याबरोबर गेला होता.

फायबर आणि त्याच्या दोन टोकांना लावायच्या डब्या हुबळीहून यायच्या होत्या, त्या गुरुवारी दिवे लागल्यावर आल्या. म्हणून शुक्रवारी उजाडताच दिपाली आणि मामा वडगावात हजर झाले. मामानं मागांचा मेनस्विच खाली पाडला, परसात अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला, अबोलीच्या टेबलासाठी मोटारींपासून वेगळी वायर ओढली. दिपालीनं धागा माडीवर नेला. धागे जोडायचं मशीन तिनं हौसेनं घेतलेलं होतं आणि त्याला ती मामालाही हात लावू द्यायची नाही. दोन टोकं त्यात ठेवायची, झाकण लावायचं, आत क्षणभर ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळते. शालूबाई पाठीशी उभं राहून सगळं निरखत होत्या. त्यांनाही तुटलेलं सूत चिमटीत सांधताना कुणी बोललेलं चालत नसे, म्हणून त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

“झालं,” दिपाली उठली. “मामा, स्विच वर घ्या. मावशी, आता तिन्ही माग लावा. साहेबांचा फोन यायच्या आत मला एकदा बघू दे.”

“व्हय व्हय, लावते,” म्हणत शालूबाई खाली गेल्या. आणि तेवढ्यात वर अबोलीचा लॅपटॉप वाजला. साहेबांना लवकर मोकळीक मिळाली होती. अबोलीनं केस सारखे केले, कानाला हेडफोन लावायला गेली तर तो नेमका सापडेना, म्हणून तशीच बसली आणि तिनं फोन घेतला.

पडद्यावर चष्मा लावलेले, कपाळावर विभूतीची पुसट रेघ असलेले साहेब आले. नमस्कार चमत्कार झाले. बोलणं कन्नडमध्ये सुरू होतं, मधूनमधून इंग्रजी. साहेबांनी तिला एक फाईल उघडायला सांगितली, आपला पडदा तिला दाखवला, तिचा बघितला. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. दाराआड मामानं दिपालीला अंगठा दाखवला. धवल जिन्याच्या कठड्याला टेकून हसत होता. कुठंच काही अडत नव्हतं.

आणि दिपालीनं कान टवकारले. कारण तिला साहेबांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. या घरात दारात उभं राहून दुसऱ्याच्या लॅपटॉपमधलं बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ती पाय न वाजवता खाली आली. मेनस्विच वर होता, पण तिन्ही माग उभे. शालूबाई मधल्या मागाच्या बाकावर हात जोडून बसल्या होत्या. शेजारच्या मनुबाईंच्या भिंतीतून काहीच येत नव्हतं. दिपाली दार उघडून बाहेर गेली. सगळी गल्ली गप्प होती. मनुबाई ओट्यावर बसून तोंडावर बोट ठेवून तिच्याकडं बघत होत्या. पलीकडचा युवराज, ज्याचा माग आजारी बायकोच्या औषधासाठीसुद्धा थांबला नव्हता, तो दारात सायकल धरून उभा होता, घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर पंजा ठेवून. शालूबाईंच्या सुनेची परीक्षा होती, म्हणून गल्लीनं अमावास्या पाळली होती. पंचांगात नसलेली.

दिपालीला वाटलं, अशी माणसं कुठं मिळतात? आणि दुसऱ्याच क्षणी तिचं डोकं असं भडकलं की ती तरातरा आत आली.

“मावशी, हे काय केलंय तुम्ही?” ती दबल्या आवाजात म्हणाली.

“चित्र बरं दिसतंय न्हवं? धवलनं आताच वरून खुणावलं. तेवढा आजचा दिवस निघू दे गं.”

“आजचा निघंल. सोमवारचं काय? तिचं काम रोजचं. गल्ली रोज अमुशा करणार हाय?”

“सोमवारचं सोमवारी बघू.”

“सोमवारी बघायचं काय मावशी? आज साहेब व्हय म्हणणार, आन् सोमवारी गिऱ्हाईकासमोर लाईन तुटली तर तिला फसवणारी म्हणतील. मग घरून बी काम न्हाय आन् ऑफिसात बी तोंड न्हाय. माग लावा.”

“आन् आत्ता लावल्यावर तुटली तर?” शालूबाईंनी मागाच्या बटणाकडं बोट दाखवलं. “बटण माझं, हात माझा. माझ्याच हातानं मी माझी पोरं बेंगलूरला धाडली म्हणायचं?”

“तुटणार न्हाय.”

“परवा बी हेच म्हणालतीस.”

दिपालीनं भिंतीवरच्या धाग्याकडं बघितलं. मामा जिन्यावर येऊन थांबला होता. वर अबोली साहेबांच्या कुठल्याशा विनोदाला हसली, जरा जास्तच मोठ्यानं. पोरगी घाबरलेली होती.

“परवा मी बंद घराच्या भरवशावर बोलले,” दिपाली शेवटी म्हणाली. “त्यो तोंडाळपणा. आज बघून बोलते. ती भिंत, ती मोटार, त्यो धागा, सगळं मी स्वतः हातात धरलंय. सूत चिमटीत आलं की तुम्हाला कळतं न्हवं, हे मागाचा ताण सोसंल का न्हाय? कुणाला विचारता काय तुम्ही? तसं मला हे कळतंय. लावा माग. तुटली लाईन तर मी वर जाऊन साहेबांना माझ्या तोंडानं सांगते, तार माझी, चूक माझी. आन् ह्या बेळगावात परत शिडीला हात लावत न्हाय.”

हे शेवटचं वाक्य तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. पण गेल्यावर तिला वाटलं, बरं झालं.

शालूबाईंनी पदर खोचला. मग उठल्या, मागाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बटण दाबलं.

धोटा धावला. पहिल्या ठोक्याला मामानं डोळे मिटले. खडाक खट, खडाक खट, आवाज भिंतीला भिडला, फरशीत उतरला, जिन्यानं वर गेला. दिपाली त्याच्या पाठोपाठ दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचली आणि दाराशी थांबली. मागून शालूबाई आल्या, जिन्याच्या मध्यावर त्यांचे पाय थबकले. वर यायची त्यांची छाती होत नव्हती.

चित्र हललं नाही. साहेबांची मान हलत होती, ओठ हलत होते आणि शब्द ओठांबरोबर येत होते. अबोलीची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट रुतली होती. तिनं दाराकडं बघितलं नाही, पण खांदे हळूहळू खाली आले.

मग साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा आवाज कसला?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. “बांधकाम चाललंय का कुठं? जरा बंद करायला सांगा ना.”

बेळगावात कन्नड कुणाला कळत नाही? जिन्यावरच्या शालूबाईंना ते पुरतं कळलं. त्यांचा चेहरा उतरला. साहेब लाईनवर नाही, तर मागावर बोलले होते. म्हणजे जी गोष्ट काचेच्या धाग्यानं सुटणारी नव्हती, ती पुढं आली होती. त्या वळल्या आणि माग बंद करायला खाली निघाल्या.

“नाही सर,” अबोलीचा आवाज आला. कन्नडच, पण आता त्यात मघाचं हसू नव्हतं. “बांधकाम नाही. माग आहे. आमच्या घरात साड्या विणतात. तो बंद होणार नाही.”

शालूबाई थांबल्या.

“माझ्या सासूबाईंच्या कामाचीही वेळ हीच आहे, सर. मी माझा माईक सांभाळीन, चांगला हेडफोन घेईन, खिडक्यांना जाड पडदे लावीन. गिऱ्हाईकाला त्रास होणार नाही, ही माझी जबाबदारी. पण मी कामावर आले म्हणून त्यांनी काम थांबवायचं, असं मी कबूल करणार नाही. या घरात आम्ही दोघी कामावर असतो.”

खाली माग चालला होता. धवल कठड्याला टेकलेला सरळ उभा राहिला. दिपालीला वाटलं, आता साहेब फोन ठेवतात. आणि त्यांनी ठेवला असता तरी तिला त्या क्षणी अबोलीचा अभिमानच वाटला असता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “एवढ्या मोटारी शेजारी चालू असताना लाईन ही अशी राहते?”

अबोलीनं दाराकडं बघितलं. दिपालीनं पुढं होऊन कॅमेऱ्यासमोर डोकं घातलं आणि आपल्या खानापुरी कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं, “सर, हा एकच चालू आहे. थोडं थांबा, सगळे लावून दाखवते.”

पण तिला काही करावं लागलं नाही. खाली दुसरा माग सुरू झाला, पाठोपाठ तिसरा. मग रस्त्याकडचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला आणि शालूबाईंनी गल्लीत जी हाळी घातली, ती तीन मागांच्या वरून माडीवर पोचली.

“मनुबाई! ए युवराजा! लावा रं माग! बसलाय काय नुसते!”

भिंतीपलीकडं मनुबाईंचे माग कडाडले. समोरचे, त्याच्या पलीकडचे, कोपऱ्यावरचे. युवराजनं आधी सायकलची घंटी खणखणून वाजवली आणि मग आत पळाला. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायला लागला, खिडकीची काच वाजायला लागली. पडद्यावर साहेब मात्र जागच्या जागी स्वच्छ बसलेले होते. त्यांच्या कपाळावरची रेघसुद्धा पुसट झाली नव्हती. ते हसायला लागले. मोठ्यानं काहीतरी म्हणाले. गोंगाटात अबोलीला ते ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी लिहून पाठवलं. सोमवारपासून तिथूनच काम करा, हेडफोन कंपनी पाठवेल.

अबोलीनं तोंडावर दोन्ही हात घेतले. मामा खुर्चीत बसून डोळे पुसत होता आणि तंबाखूचा धुरळा अजून त्रास देतोय असं कुणी न विचारताच सांगत होता. दिपालीनं भिंतीवरून जाणारा आपला धागा वरपासून खालपर्यंत नजरेनं तपासला. तिच्या तोऱ्याला पुन्हा पालवी फुटत होती आणि आज तरी तिला कुणी अडवणार नव्हतं.

धवल तीन-तीन पायऱ्या उतरत खाली पळाला. शालूबाई मधल्या मागावर वाकल्या होत्या. घाईत एक धागा तुटला होता, तो त्या सांधत होत्या. त्यानं सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं कानाशी तोंड नेऊन परत ओरडून सांगितलं. शालूबाईंनी मान वर केली नाही. धाग्याला पीळ दिला, तो ताणून बघितला, पदराच्या टोकानं डोळे टिपले.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “नाचतोयस काय? जा, तिला वर चहा नेऊन दे. कामावर हाय ती.”